बाबांचा बिल्ला, बोटीच्या फळ्यावर

बुधवारी सकाळी डायव्हिंगची बोट तुला समुद्रात ठेवून परत आली. दुपारी जेवणाच्या वेळी एक ताट उरलं, तेव्हा ते संशोधन केंद्रावर कळलं. गुरुवारी सकाळी, बेटापासून बऱ्याच अंतरावर, मच्छीमारांना तू सापडलीस. आज चोविसावा दिवस.

वैजू, बातमी असती तर ती इथेच संपली असती. बेटाचं नाव, तुझं वय, मागे आई आणि एक भाऊ, एवढं खाली जोडून मी पान पुढे पाठवलं असतं. वीस वर्षं मी दैनिकात हेच केलं. दुसऱ्यांच्या घरातली मरणं जागेप्रमाणे कापली. यावरून तू मला बोलायचीस. "दादा, मी गेले तर किती ओळी देशील?" असं तू एकदा परळच्या घरी जेवताना विचारलंस. मी म्हणालो, "जागा बघून." आईने तुझ्या हातावर भाताची पळी मारली, आणि एक माझ्याही.

हे मी शोकासाठी लिहीत नाही. शोक आई करते आहे. मला सूड हवा आहे. हा शब्द मी आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला, कागदपत्रांतून उतरवून घेतला आणि अवतरणचिन्हांत छापला. आज तो माझा आहे आणि अवतरणचिन्हं काढली आहेत. तुझ्या केंद्राच्या प्रमुखांना तू सर म्हणायचीस, म्हणून इथेही सर. त्यांचं पूर्ण नाव बातमीत आहे. बातमी लिहून तयार आहे. एका दुजोऱ्यासाठी अडली आहे. तो मिळाला नाही तर त्यांचा अहवाल खरा ठरेल, आणि अहवालात लिहिलं आहे की तू स्वतःच्या चुकीने मेलीस.

तो फळा मला तू पहिल्यांदा फोनवर दाखवलास. मोठ्या बोटीच्या मागच्या भिंतीवर ठोकलेली लाकडी फळी, तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी. डावी ओळ पाण्यात असलेल्यांची, उजवी बोटीवर असलेल्यांची. उडी मारण्याआधी आपला बिल्ला डावीकडे टांगायचा, वर आल्यावर उजवीकडे. ज्याचा त्याने, स्वतःच्या हाताने. डावी ओळ रिकामी झाल्याशिवाय तांडेल इंजिन सुरू करत नाही. बाकीच्यांचे बिल्ले प्लास्टिकचे होते. तुझा पितळी होता, मिलचा, बाबांचा. त्यावर मिलचा शिक्का आणि बाबांचा नंबर. बाबा गेल्यावर आईने बाकी सगळं कपाटात ठेवलं. हा एक तू मागून घेतलास आणि इंडोनेशियाच्या पूर्व टोकाच्या बेटावर नेऊन खिळ्याला टांगलास.

"बघ, बाबा अजून ड्युटीवर आहेत," तू म्हणालीस.

तिथलं तुझं रोजचं जगणं मला आवाजी निरोपांतून कळत होतं. तू ते ओल्या केसांनी, काहीतरी खाता खाता पाठवायचीस. "दादा, आज पाण्यात दोन तास आणि लॅपटॉपवर सात. इथे लोकांना वाटतं मी डॉल्फिनबरोबर नाचते." आठ वर्षं तू एकाच खडकाळ पट्ट्यावर, त्याच ठिकाणी मोजपट्टी अंथरून, तिच्या दोन्ही बाजूंचे मासे मोजलेस. पाटीवर पेन्सिलीने खुणा करायच्या, वर येऊन त्या आकड्यांत लिहायच्या. गोड्या पाण्याची आंघोळ एक दिवसाआड. जनरेटर दोन वेळा. रबरी पोशाख दोरीवर वाळत घातलेले, ते पाहून तुला वरळी कोळीवाड्यातले वलांडीवर सुकत टांगलेले बोंबील आठवायचे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळे ईबू म्हणत, म्हणजे आई. त्यांच्या हातचा सुका मासा आपल्या सुक्या बांगड्याची सख्खी बहीण आहे, असं तू आईला सांगितलंस, तर आई दोन दिवस फोनवर धड बोलली नाही. मग तिने विचारलं, "त्येच्यात तिरफळ घालतत काय?" तू नाही म्हणालीस. आई म्हणाली, "मगे सख्खी कशी?"

ईबू जेवायच्या टेबलावर ताटं मांडत. कोण कुठे बसतो ते त्यांना पाठ होतं. त्या बुधवारी सव्वा वाजता त्यांनी तुझ्या ताटासमोर उभं राहून विचारलं, ही कुठे आहे. तोपर्यंत कुणीही विचारलं नव्हतं. हे मला तुझ्या खोलीत राहणाऱ्या आयुने पत्रात लिहून कळवलं, खाली सही करून. एका बेटावर समुद्रातले मासे मोजणारी अकरा शिकलेली माणसं होती. माणसं मोजणारी एकच होती आणि ती स्वयंपाकघरात होती.

आता तुझी चूक. ती मी लपवणार नाही, तुझ्यासाठीही नाही.

बाबांची ती गोष्ट आपल्या घरात किती वेळा सांगितली गेली. मिलच्या गेटवर बिल्ल्यांचा फळा. शेजारचे सावंतकाका नेहमी उशिरा यायचे. पाळी सुरू होण्याआधी बाबा स्वतःचा बिल्ला टांगायचे आणि मागोमाग सावंतांचाही. एकदा खात्याच्या मुकादमाने, जॉबरने, पकडलं. म्हणाला, सावंत कुठाय? बाबा म्हणाले, आत्ता इथेच होता, मुतायला गेला असेल. त्याच वेळी सावंतकाका गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत उभे, सगळ्यांना दिसत होते. एवढं सांगून बाबा स्वतःच हसायचे. आपणही हसायचो. आपल्या घरात माणुसकीचा पहिला धडा तोच होता.

ती गोष्ट तू केंद्रावर सांगितलीस, फळ्यासमोर उभी राहून, बाबांचा आवाज काढून. तिथले लोकही हसले. मग कुणी दमलेलं असलं, कुणाचे हात गारठलेले असले, की दुसरा त्याचा बिल्ला उजवीकडे लावू लागला. त्याला त्यांनी नावही ठेवलं, "बाबा करणं." एक वर्षापूर्वी हे तू मला फोनवर सांगितलंस, मोठ्या कौतुकाने.

मी म्हणालो, "हे बंद करा."

"अरे, समोर दिसतो माणूस. शिडी चढत असतो, तेव्हाच लावतो."

"आज समोर दिसतो म्हणून लावता. उद्या दिसेल म्हणून लावाल."

"झालं याचं सुरू."

"लेखी कळव तुझ्या सरांना. ज्याचा त्याने, एवढंच. एक ओळ."

"दादा, तुला प्रत्येक गोष्टीत बातमी दिसते. कुणीतरी मरायला पाहिजे म्हणजे तुझी सोय होते. ही माझी माणसं आहेत."

"मी तुझा कोण आहे?"

"तू उपसंपादक आहेस," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास.

पुढे तीन आठवडे आपण बोललो नाही. नंतर बोललो, पण या विषयावर नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तू पुन्हा सांगितलं नाहीस. आयु लिहिते की त्यानंतर कधीतरी तू फळ्याजवळ एक चिठ्ठी चिकटवली होतीस: स्वतःचा बिल्ला स्वतः लावा. मग ती चिठ्ठी पाण्याने फाटली. दुसरी कुणी लावली नाही. चिठ्ठी लावल्याचं तू मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी जिंकलो असतो, म्हणून नाही सांगितलंस. मी तुला ओळखतो.

बुधवारी काय झालं ते आयुच्या पत्रात आहे. त्यातला काही भाग पुढे खुद्द सरांनी मान्य केला. दोन बोटी गेल्या होत्या, एक मोठी, एक छोटी. फळा मोठीवर. पाण्यात चार जोड्या उतरल्या. तू आणि सर एक जोडी होता. सर तुझ्याआधी वर आले. जोडीने उतरलेल्यांनी जोडीने वर यायचं, हा पहिला नियम. तो त्यांनी मोडला. केंद्रावर पाहुणे यायचे होते, म्हणून सरांना छोट्या बोटीने लगेच निघायचं होतं. तुला मोजपट्टी गुंडाळायची होती. मोठ्या बोटीवर येऊन त्यांनी स्वतःचा बिल्ला उजवीकडे लावला आणि बाबांचाही लावला. मग ते छोट्या बोटीत बसून गेले. मोठ्या बोटीवरच्यांनी, त्यात आयुही होती, फळा पाहिला. तुझा बिल्ला पाण्याच्या ओळीत नाही, तू समोरही नाहीस, म्हणजे सरांबरोबर छोट्या बोटीने गेलीस. आणि सरांना वाटत होतं तू मोठ्या बोटीवर आहेस. डावी ओळ रिकामी होती. तांडेलाने इंजिन सुरू केलं.

अहवाल यातलं काही सांगत नाही. अहवाल म्हणतो, मृत संशोधक ठरलेली वेळ उलटल्यावरही पाण्याखाली राहिली. मोठी बोट सव्वाबारापर्यंत थांबली. मनगटावरचं उपकरण बंद पडल्याने अधिक माहिती उपलब्ध नाही. सोबत एक पत्र आहे, आईच्या सहीसाठी. कुटुंबाला अहवाल मान्य आहे, असं त्यात लिहिलं आहे. सही आली की केंद्राच्या नव्या बोटीला तुझं नाव देण्याचा समारंभ करणार आहेत.

मी आईला दोन्ही कागद मराठीत वाचून दाखवले. ती खाटेवर बसून ऐकत होती.

"तिणा चूक केल्यान, असा लिवलेला हा?"

"हो."

"आणि बोटीक नाव खंयच्या बोटीक?"

"नवी घेणार आहेत."

"नवी." तिने चष्मा काढून पदराला पुसला. "आधी माणसा मोजूक शिका म्हणा. मगे माझ्या चेडवाचा नाव घ्या."

तिने पेन मागितलं नाही. कागद देव्हाऱ्याखाली ठेवला, विजेच्या बिलांबरोबर. तो अजून तिथेच आहे.

तुझं सामान आलं त्यात ते मनगटावरचं घड्याळ होतं. तू त्याला कॉम्प्युटर म्हणायचीस. पाण्यात किती खोल गेलीस, किती वेळ राहिलीस, केव्हा वर आलीस, सगळं ते लिहून ठेवतं. काच काळी होती. मी ते घेऊन कॉटन ग्रीनला मामाकडे गेलो. तुला पाण्यात पहिल्यांदा ढकललं ते त्यानेच. गोदीत तीस वर्षं पाणबुड्या म्हणून जहाजांचे तळ खरवडले, डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि तू शिकून डॉक्टर झालीस तेव्हा सगळ्या चाळीला सांगत सुटला होता की भाचीने माझाच धंदा उचलला, फक्त माझ्यापेक्षा स्वच्छ पाण्यात. उजव्या बाजूला बसून मी त्याला सगळं सांगितलं. त्याने घड्याळ उलटं केलं, मागचं झाकण नाण्याने फिरवलं.

"ह्या घड्याळ मेला नाय. बॅटरी मेली हा."

खाली दुकानातून बॅटरी आणली. काच उजळली. त्याला इंग्रजी आकडे वाचता येतात. एका बाजूचं बटण दाबत तो शेवटच्या नोंदीपर्यंत गेला आणि भिंग मागितलं.

"बघ. अकरा बेचाळीसाक वर इली हा." त्याने बोटाने रेष दाखवली. "आणि हय बघ. पाच मीटरावर तीन मिनटा थांबलेली हा, वर येताना थांबूचा लागता तशी. घाबरलेला माणूस थांबणा नाय. हवा सरलेला माणूस थांबणा नाय. चेडवान सगळा बरोबर केल्यान."

"ठरलेली वेळ पावणेबाराची होती."

"मगे तीन मिनटा आधी इली."

मामी चहा ठेवून गेली. चहावर साय धरली.

"आमच्या टायमाक दोरी होती," तो म्हणाला. "माझ्या कमराक दोरी, वर बोटीत एक माणूस ती धरून. बिल्लो-बिल्लो काय नाय. ज्येच्या हातात दोरी, तेका माझ्याशिवाय जेवूक जाऊक गावणा नाय. माझी दोरी शिरप्या धरी. दारू पियाचो, शिव्या देयाचो. पण दोरी सोडूचो नाय." त्याने घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं. "कोण तो तुमचो सर? माका दाखव एकदा."

मी मामाला दाखवलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातून मला काही करवून घ्यायचं नव्हतं. मी एकटा गेलो.

सर दादरचे आहेत, हे तुला माहीत होतंच. आपल्या घरापासून चालत वीस मिनिटं. एवढ्या जवळच्या माणसाने तुला एवढ्या लांब नेऊन सोडलं. तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणींनी दादरच्या एका सभागृहात शोकसभा ठेवली, तिथे ते आले. तुझा मोठा फोटो, पाण्याखालचा, गॉगलमागे डोळे मिटलेले. हसताना तुझे डोळे नेहमीच मिटायचे. सर दहा मिनिटं बोलले. चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "वैजयंती समुद्राची होती. समुद्राने तिला आपल्याकडे नेलं." पुढच्या रांगेत दोघींनी रुमाल काढले.

ते वाक्य मी तिथेच वहीत लिहून घेतलं आणि सवयीने तपासलं. समुद्राने तुला अकरा बेचाळीसला सुखरूप वर सोडलं होतं.

कित्येक वर्षांपूर्वी मच्छीमारांची एक नौका बुडाली, तेव्हा मी मथळ्यात "जलसमाधी" लिहिलं होतं. तू तिकडून फोन केलास. "समाधी माणूस स्वतः घेतो. हे बुडाले. बिघडलेल्या इंजिनाची बोट घेऊन त्यांना कुणी पाठवलं ते लिही, दादा. नाहीतर मग देवळात कीर्तन कर." मी चिडलो. दुसऱ्या दिवशी बोटीचा मालक शोधला आणि त्याचं नाव छापलं. वीस वर्षांत मी केलेल्या कामांतलं ते एक बरं काम आहे आणि ते तुझं आहे. तू गेल्याची बातमी दोन ठिकाणी आली. एका ठिकाणी मथळ्यात "जलसमाधी" होतं. मी त्या डेस्कला फोन केला. समोरच्या मुलीला तुझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, कीर्तनासकट. ती म्हणाली, "सॉरी सर, जागा कमी होती."

सभा संपल्यावर सर चहाच्या टेबलापाशी उभे होते. त्यांनी मला ओळखलं आणि खिशातून एक पाकीट काढून दिलं. आत बिल्ला होता. "आईंना द्या," ते म्हणाले. "मला वाटलं, तो घरी असावा."

"फळ्यावरून कुणी काढला?"

"मीच. तिची वस्तू होती."

"आणि फळ्यावर उजवीकडे कुणी लावला होता?"

"हे बघा, आज हा विषय..."

"आज तुम्ही इथे आहात. उद्या विमानात असाल."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी लावला. खाली तिने मला खूण केली होती, टेप गुंडाळून येते म्हणून. ती मागे येतच होती."

"वर आलेली पाहिलीत?"

"मला वाटलं की..."

"पाहिलीत की वाटलं?"

आजूबाजूला लोक होते. एक बाई बिस्किटांची बशी पुढे करत होत्या, त्या थांबल्या.

"वाटलं," ते म्हणाले.

"अहवालात हे नाही."

"अहवाल माझ्या एकट्याचा नाही." मग त्यांचा आवाज बदलला, तू सांगायचीस तसा, पाण्याखालच्या आकड्यांवर कुणी शंका घेतली की बदलणारा. "आणि ही पद्धत कुणी आणली तेही विचारा की. तुमच्या बहिणीनेच. तुमच्या वडिलांची गोष्ट सांगून. ती स्वतः दुसऱ्यांचे बिल्ले लावायची, सगळ्यांनी पाहिलंय. ते पण छापणार का?"

"हो."

"तुमच्या बहिणीबद्दल?"

"दुसऱ्या परिच्छेदात."

त्यांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. वैजू, हा क्षण मी त्यानंतर अनेकदा आठवला आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. त्यांच्या हातात तेवढी एकच गोष्ट होती आणि ती मी आधीच लिहून टाकली होती. तिसऱ्या परिच्छेदात मी आहे: या पद्धतीची माहिती मृताच्या भावाला एक वर्षापासून होती, त्याने ती कुणालाही कळवली नाही. ते वाचून आमचे संपादक म्हणाले, हे काढ, कशाला हवं. मी म्हणालो, हे काढलंत तर सगळंच काढा.

मला काय हवं आहे ते सांगून ठेवतो. त्यांना तुरुंग होईल असं मला वाटत नाही. बेट दुसऱ्या देशाचं, केंद्र तिसऱ्याच देशाच्या पैशावर चालणारं. मला हवं आहे ते एवढंच, की त्यांच्या नावाने कुणीही शोध घेतला की तुझा बिल्ला आधी यावा. नव्या मुली त्यांच्याकडे शिकायला अर्ज करतील तेव्हा त्यांनी ती बातमी वाचावी. दादरला त्यांच्या इमारतीत जिना चढताना शेजाऱ्याने नमस्कार करायच्या आधी क्षणभर थांबावं. तू म्हणाली असतीस, दादा, हे क्षुद्र आहे. असेल. बाबांनी सावंतांचा बिल्ला लावला तेव्हा सावंत गेटबाहेर चहा पीत होते. या माणसाने तुझा लावला तेव्हा तू पाण्याखाली होतीस. त्याने हा फरक तपासायला शिडीवरून एकदा खाली पाहायचं होतं.

तू कुणालाच माफ केलं नसतंस असं मात्र नाही. दोन वर्षांपूर्वी तू घरी आली होतीस, तेव्हा आपण आईसाठी मासे आणायला वरळी कोळीवाड्यात गेलो. तू टोपलीतल्या सुरमईची पिल्लं उलटीपालटी करत होतीस.

"गो बाय, घ्यायची तर घे," कोळीणमावशी म्हणाली. "नुसती मोजतेस काय?"

"मावशी, ही बारकी आहेत. यांना वाढू द्यायला पाहिजे."

"आणि माझी पोरं? त्यांना पण वाढू दे की. त्यांचा पण कायतरी सर्व्हे कर."

तू इतकी हसलीस की पिल्लं न घेता सगळे बोंबील घेतलेस. परतताना म्हणालीस, बरोबर बोलली ती. तू हरलेली वादावादी अशी लगेच मान्य करायचीस, समोरचा परका असला तर. माझ्याशी हरलेली कधी मान्य केली नाहीस. फक्त चिठ्ठी चिकटवलीस.

त्या बुधवारी तू वर आलीस तेव्हा इथे आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. मी परळच्या बाजारात आईसाठी मांदेली घेत होतो. मासेवाल्या मावशीने वाट्यावर दोन जास्त टाकली. मला तो दिवस चांगला जाईल असं वाटलं. प्रत्येक डायव्हरकडे असतो तो खुणेचा नारिंगी फुगा तू फुगवला होतास, बोटीला लांबून दिसावीस म्हणून. तो फुगलेलाच सापडला. तू किती वेळ वाट पाहिलीस हे कोणत्याही कागदात नाही. मी विचारलं आहे, तीनदा. मामा म्हणतो, तिला पोहता येत होतं, प्रवाहाला ती लढली नसेल, तरंगत राहिली असेल, कारण त्याने तुला तसंच शिकवलं होतं. एवढं बोलून तो उठून गच्चीवर गेला.

बिल्ला आता घरी आहे. आईने तो दाराजवळच्या खिळ्याला लावला, जिथे बाबा कामावरून आल्यावर लावायचे. मी येता-जाता त्याला हात लावत नाही. तिने सांगितलं आहे, कुणी लावू नका.

दुजोऱ्याचं सांगायचं राहिलं. घड्याळ सांगतं तू अकरा बेचाळीसला वर आलीस. बोट केव्हा गेली हे आयु एकटी सांगत होती, आणि एका तोंडावर आम्ही छापत नाही. अहवाल म्हणतो सव्वाबारा. बोटीची नोंदवही केंद्राच्या ताब्यात आहे, ती कुणाला दाखवत नाहीत. तांडेल पहिले पंधरा दिवस आयुशी बोलायलाच तयार नव्हता. त्याला नोकरी आहे, तीन मुलं आहेत. गेल्या आठवड्यात ईबू त्याच्या घरी गेल्या. काय बोलल्या ते आयुला माहीत नाही. डिझेलसाठी तो स्वतःची एक वेगळी खिशातली वही ठेवतो, हे तेव्हा कळलं.

आज सकाळी आयुने त्या पानाचा फोटो पाठवला. कोपऱ्यात त्याचा अंगठा आला आहे. खाली त्याने आपलं पूर्ण नाव लिहून सही केली आहे. बुधवारच्या ओळीत, त्याच्या अक्षरात, इंजिन सुरू केल्याची वेळ आहे, साडेअकरा.